जुना फ्लॅट, पाच वारस आणि एक वकील: दहा महिन्यांच्या सेवेचे परीक्षण

हे परीक्षण एका वकिलांच्या कार्यालयाचे आहे. पुण्याच्या एका जुन्या पेठेत, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, एक ज्येष्ठ वकील, त्यांच्या हाताखालच्या एक तरुण वकीलबाई आणि एक कारकून अशा तीन माणसांवर ते चालते. नाव मुद्दाम देत नाही. एक तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि माझ्या लिखाणातील कौतुकाचा भाग कोणी तसा वापरावा अशी माझी इच्छा नाही. दुसरे म्हणजे माझ्या तक्रारीही थोड्या नाहीत, आणि ज्यांच्यामुळे माझे घर पुढच्या कोर्टकचेरीतून वाचले त्यांना चारचौघांत उभे करणे मला बरे वाटत नाही. पण पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना वकिलांना नेमके कशाचे पैसे द्यायचे आणि कोणत्या उशिराबद्दल त्यांच्याशी वाद घालायचा, हे व्यवहाराच्या सुरुवातीला मला ठाऊक नव्हते. कायदेशीर काम नीट होण्यासाठी लागणारा उशीर आणि कार्यालयाच्या ढिलाईचा उशीर, हे दोन्ही दहा महिने मी एकाच मापाने मोजले, आणि ज्या उशिराबद्दल आभार मानायला हवे होते त्याबद्दलच सर्वांत जास्त भांडले.

व्यवहार साधा दिसत होता. कोथरूडमधील १९९१ सालच्या एका इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, किंमत ७८ लाख. ज्यांनी तो बिल्डरकडून घेतला ते गृहस्थ २०११ मध्ये वारले होते. मागे पत्नी (त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून काकूच म्हणत आलो), पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि लग्नानंतर टोरोंटोला स्थायिक झालेली मुलगी. सोसायटीच्या भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, २०१२ मध्येच काकूंचे नाव चढलेले होते. फ्लॅट आम्ही जुलै २०२३ मध्ये पाहिला. अधिक मासात विसार घ्यायला काकू तयार नव्हत्या, म्हणून निज श्रावण लागल्यावर ५१ हजारांची विसार पावती झाली. "सर्टिफिकेट आईंच्या नावावर आहे, मुलांचं संमतीपत्र घेऊ, दिवाळीच्या आत किल्ली तुमच्या हातात," असे एजंट म्हणाले, आणि आम्ही तेव्हाच भाड्याच्या घराच्या मालकांना नोव्हेंबरमध्ये जागा सोडत असल्याचे कळवून टाकले. ही आमची पहिली चूक, आणि तिचा वकिलांशी काही संबंध नाही.

या कार्यालयाने सर्व कामाचे ४० हजार सांगितले. जाहीर नोटीस, शोधाचे शुल्क आणि किरकोळ खर्च वेगळा. दुसरीकडे मला शोध अहवाल, म्हणजे जुन्या दस्तांच्या नोंदी तपासून मालकीबद्दल दिलेला अहवाल, आठ हजारांत मिळत होता. पाचपट पैसे कशाला, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते; केवळ एका सहकाऱ्याच्या शिफारशीवर मी तिथे गेले.

पहिल्या भेटीला काकूंचा मुलगाही आमच्याबरोबर होता. वकीलसाहेबांनी विसार पावती वाचली, "शोध घ्यायच्या आधीच विसार देऊन बसलात," एवढेच म्हणाले, आणि मुलाकडे वळून त्यांनी विचारले, "वडील गेले तेव्हा तुमची आजी हयात होती का?" मुलगा गोंधळला. "आजी होती ना. ती २०१४ मध्ये गेली, गावी काकांकडे." वकीलसाहेबांनी समोरच्या कोऱ्या कागदावर वरून खाली वंशावळ काढली, आजींच्या नावाभोवती गोल केला आणि म्हणाले, "मग काकांची आणि आत्याबाईंची सही लागेल." मुलगा हसला, कारण बाबांनी स्वतःच्या पगारातून, कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये काकांचा काय संबंध, असे त्याला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले, आणि घरी येताना रिक्षात मी नवऱ्याला म्हणाले की या गृहस्थांना फी वाढवायची आहे.

त्यांचे म्हणणे असे होते. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे त्याची स्वकष्टार्जित मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते, आणि त्या वर्गात पत्नी व मुलांच्या बरोबरीने आईही येते. म्हणजे २०११ मध्ये फ्लॅटचे चार समान वाटे झाले: काकू, मुलगा, मुलगी आणि आजी. आजींना आपल्या हिश्श्याची कल्पनाही नसेल, पण तो त्यांचा झाला होता, आणि २०१४ मध्ये त्या गेल्यावर तो चौथा हिस्सा त्यांच्या वारसांकडे उतरला. आजोबा आधीच वारलेले असल्याने त्याचे तीन भाग झाले: एक हयात मुलाचा, म्हणजे काकांचा, एक मुलीचा, म्हणजे आत्यांचा, आणि एक आधी वारलेल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या विक्रेत्या भावंडांच्या, वाट्याचा. कऱ्हाडला राहणारे काका आणि सांगलीच्या आत्या या दोघांचा मिळून फ्लॅटमध्ये सहावा हिस्सा निघत होता. ७८ लाखांत तो १३ लाखांचा होतो. आमच्या बँकेच्या पॅनेलवरील वकिलांनी पुढे जो अहवाल दिला, त्यात आजींचा उल्लेखदेखील नव्हता.

भागपत्रावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, हा समज किती खोलवर रुजलेला आहे हे मला या व्यवहारात कळले. काकूंचे नाव नामनिर्देशनाने, म्हणजे नॉमिनी म्हणून, चढले होते. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने मिळकत स्वीकारणारी असते, वारसांना बाजूला सारणारी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या सरबती देवी प्रकरणात, तेही विमा पॉलिसीच्या संदर्भात, स्पष्ट केले आहे. २०१६ च्या इंद्राणी वाही निकालानंतर काही दिवस उलटा गवगवा झाला, पण त्या निकालाने सोसायटीला नामनिर्देशनाप्रमाणे नाव लावण्यास बांधले असले तरी वारसांचा मालकीहक्क मिटवलेला नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ ने तर वारस ठरेपर्यंत नामनिर्देशिताला तात्पुरता सदस्य असेच म्हटले आहे. हे सारे वकीलसाहेबांनी मला अर्ध्या तासात, एकही पुस्तक न उघडता समजावले, आणि माझा नवरा त्याच त्या शंका तिसऱ्यांदा विचारत असतानाही त्यांचा आवाज चढला नाही. या कार्यालयाच्या सेवेतील ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि ती कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

अर्थात कायदा समजावणे वेगळे आणि सही मिळवणे वेगळे. पितृपक्षात काकांकडे हा विषय काढायचा नाही असे काकूंनी ठरवले. दसऱ्यानंतर मुलगा कऱ्हाडला गेला, तर काका म्हणाले की दिवाळीनंतर बघू. त्यांना पैसे नको होते. त्यांचा राग असा होता की भावाचे घर विकायला काढले आणि भावाला बाहेरून कळले. नोव्हेंबरच्या शेवटी काकू स्वतः गेल्या, दोन दिवस राहिल्या, आणि डिसेंबरमध्ये काका व आत्या पुण्याला येऊन काकूंच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून गेले. या साडेतीन महिन्यांत मी वकिलांच्या कार्यालयात किमान पंधरा वेळा फोन केला आणि "तुम्ही काकांशी बोला ना," असा हट्ट धरला. त्यांनी तो एकदाही मानला नाही. "वकिलाचा फोन गेला की घरातला रुसवा दाव्यात जातो," असे ते म्हणाले. तेव्हा मला हा कामचुकारपणा वाटला होता; काकांना हक्कसोडपत्राच्या दिवशी प्रत्यक्ष पाहिल्यावर तसे वाटले नाही. मफलर गुंडाळलेले, मोजके बोलणारे गृहस्थ, दस्त शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यांनी सही केली आणि काकूंना एवढेच विचारले, "वहिनी, दादाची झोपाळ्याची कडी काढून घेतलीत का?"

शोधाचे काम मात्र वेळेत झाले. तीस वर्षांचा शोध घेताना सगळी वर्षे संगणकावर सारखी मिळत नाहीत, जुन्या वहीत बोट फिरवावेच लागते, आणि त्यांच्या अहवालात दोन वर्षांपुढे "इंडेक्स फाटलेले" आणि एका वर्षापुढे "बाइंडिंगला गेलेले" असा प्रामाणिक शेरा होता. आठ हजारांच्या अहवालात त्या जागी काय लिहिले असते, याचा मी अनेकदा विचार करते. याच शोधात दुसरी गाठ सापडली. १९९१ चा करार नोंदवलेला होता, पण त्यावर मुद्रांक शुल्क कमी पडल्याचा शेरा होता आणि फरकाचे १४ हजार २६० रुपये कोणी कधी भरलेच नव्हते. बत्तीस वर्षांपूर्वीच्या या रकमेने आमचे काय बिघडणार, असे मी विचारले. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जात नाही, आणि तुमच्या मालकीची साखळी जिथून सुरू होते ती पहिली कडीच तो दस्त आहे, असे उत्तर आले. फरकावर दरमहा २ टक्के दराने दंड चढतो हे ऐकल्यावर काकूंचा मुलगा किंमत वाढवून मागतो की काय, अशी मला धास्ती वाटू लागली.

इथे त्या तरुण वकीलबाईंना पूर्ण श्रेय द्यायला हवे. शासनाची मुद्रांक शुल्क अभय योजना डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, आणि १९८० ते २००० या काळातील दस्तांवरचे एक लाख रुपयांपर्यंतचे कमी पडलेले शुल्क व त्यावरचा दंड पहिल्या टप्प्यात पूर्ण माफ होता. हे मी वर्तमानपत्रात वाचायच्या आधी त्यांचा फोन आला होता: "ताई, आठवडाभरात मूळ करार आणा. नंतरच्या टप्प्यात सवलत कमी होणार आहे." अर्ज मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, दोन वेळा कागद वाढवून द्यावे लागले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस करारावर शिक्का उमटला. शुल्क शून्य, दंड शून्य, मात्र कालावधी दोन महिन्यांहून जास्त. हाही उशीरच, पण तो आमच्याच फायद्याचा होता.

जाहीर नोटिशीबद्दल थोडक्यात. "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की" अशी सुरुवात आणि "मागाहून आलेल्या कोणत्याही तक्रारीची दखल घेतली जाणार नाही" असा शेवट असलेली ती चौकट ऑक्टोबरमध्ये एका मराठी दैनिकात आली, पंधरा दिवसांची मुदत होती, आणि त्या मुदतीत कार्यालयाला फक्त दोन फोन आले. दोन्ही एजंटांचे, फ्लॅट अजून विकायचा आहे का हे विचारणारे.

सोसायटीचे प्रकरणही लवकर मिटले, कारण इथे वकिलांनी फोनऐवजी पत्र लिहिले. ना हरकत दाखल्यासाठी समितीने एक लाखाचा "विकास निधी" मागितला होता. आदर्श उपविधीतील क्रमांक ३८ प्रमाणे भाग हस्तांतरणासाठी ना हरकत दाखला मुळात आवश्यकच नाही, आणि ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्स्फर फी) २५ हजारांच्या वर घेता येत नाही, एवढ्याच दोन गोष्टी एका पानात लिहिलेल्या होत्या. पुढच्या बैठकीत समितीने २५ हजारांची पावती फाडली. इमारतीखालच्या जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर होणे) सोसायटीने २०१६ मध्येच करून घेतलेले असल्याने त्या बाजूने काही अडले नाही. ज्यांच्या सोसायटीचे ते झालेले नाही, त्यांनी हा मुद्दा माझ्यासारखा एका वाक्यात उरकू नये.

बँकेचा त्रास वेगळ्या जातीचा होता. कर्जमंजुरीचे पत्र सप्टेंबर २०२३ चे, सहा महिन्यांच्या मुदतीचे. मार्चमध्ये ते संपले आणि पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रे, पतगुणांक, सारे पहिल्यापासून सुरू झाले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर या संपूर्ण काळात ६.५ टक्क्यांवर थांबलेला असल्याने हप्ता तेवढा वाढला नाही, हे आमचे नशीब. त्यातच बँकेच्या वकिलांनी न्यायालयाचा वारस दाखला मागितला. महाराष्ट्रात तो १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयाकडून घ्यावा लागतो, आणि जाहीरनामा, हरकतींची मुदत, तारखा असे करत त्याला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो. आमच्या वकीलसाहेबांनी दोन पानी पत्रात वंशावळ, दोन्ही मृत्यूचे दाखले, हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक आणि नोटिशीला हरकत न आल्याचे नमूद करून असे मांडले की सर्व वारस एक तर हक्क सोडून गेलेले आहेत किंवा स्वतः खरेदीखतावर सही करणार आहेत, तेव्हा दाखल्याने नवे काहीच सिद्ध होणार नाही. तीन आठवड्यांनी बँकेने ते मान्य केले. बँकेच्या ज्या अहवालात आजी नव्हत्या, त्याच्या सुधारित प्रतीत त्या आल्या. वाक्यरचनाही आमच्याच पत्रातली होती.

आता तक्रारी. पहिली आणि रोजची म्हणजे हे कार्यालय स्वतःहून काही कळवत नाही. फाइल कुठे आहे, कोणाकडे अडली आहे, पुढचे पाऊल कधी, हे विचारल्याशिवाय समजत नाही, आणि विचारल्यावर कारकून "होतंय, ताई" याच्या पुढे जात नाहीत. जानेवारीत सलग सोळा दिवस मला कोणीही काहीही सांगितले नाही, आणि नंतर कळले की मुद्रांकाच्या अर्जाला जोडायची एक साक्षांकित प्रत माझ्याकडूनच जायची राहिली होती. महिन्याला २२ हजार भाडे भरणाऱ्याला असे सोळा दिवस महाग पडतात. दुसरी तक्रार मसुद्याची. खरेदीखताच्या पहिल्या मसुद्यात सदनिका क्रमांक ७ ऐवजी १७ होता आणि चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी झाली होती, बहुधा आधीच्या एखाद्या दस्तावरून मजकूर उचलल्यामुळे. ही चूक मी पकडली. नोंदणीनंतर ती लक्षात आली असती तर चूकदुरुस्ती पत्रासाठी टोरोंटोपासून कोथरूडपर्यंत सगळ्यांना पुन्हा गोळा करावे लागले असते. चाळीस हजार घेणाऱ्या कार्यालयात मसुदा दोन माणसांच्या नजरेखालून जायला हवा.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, आणि दहा महिन्यांतले तीन महिने तिच्या नावावर जमा आहेत. तेव्हाच्या आयकर अधिनियमाच्या कलम १९४-आयए प्रमाणे ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत खरेदीदाराने १ टक्का कर कापून फॉर्म २६ क्यूबीने भरायचा असे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. पण हा नियम निवासी विक्रेत्यापुरता होता. विक्रेता अनिवासी असेल तर कलम १९५ लागत असे, खरेदीदाराला स्वतःचा टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागे, कपात कितीतरी जास्त दराने होई, आणि ती केली नाही तर आयकर विभाग खरेदीदाराला जबाबदार धरत असे. काकूंची मुलगी टोरोंटोला राहते हे या कार्यालयाला ऑगस्टपासून माहीत होते. तिचे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) तर त्यांनीच तयार केले. तरीही कलम १९५ चा विषय मार्च २०२४ मध्ये निघाला, तोही मुलीच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून. हक्कसोडपत्रानंतर तिचा हिस्सा चोविसातील सात भाग, म्हणजे २२ लाख ७५ हजार होता. निवासी धरले तर त्यावर कपात २२ हजार ७५० ची. अनिवासी म्हणून, त्या वेळच्या दीर्घकालीन नफ्याच्या २० टक्के दराने आणि उपकर धरून, पावणेपाच लाखांच्या घरात. कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभाग देत असे, पण ते कापणाऱ्याच्या टॅनवर निघे, म्हणून आधी आमचा टॅन, मग तिचा अर्ज. मार्चअखेर गेल्याने अर्ज नव्या आर्थिक वर्षात, आणि प्रमाणपत्र हाती आले जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. यातील प्रत्येक काम सप्टेंबरमध्ये सुरू करता आले असते. मी हे वकीलसाहेबांना स्पष्ट सांगितले. त्यांनी सारवासारव केली नाही. "कराचं काम आम्ही बघत नाही, पण तुम्हाला सीएकडे पाठवायला हवं होतं, ते राहिलं," असे म्हणाले. कबुली मिळाली, तीन महिन्यांचे ६६ हजार भाडे मात्र मीच भरले.

न्यायाने हेही सांगते की ज्या कुलमुखत्यारपत्राचा उल्लेख वर आला, ते काम त्यांनी चोख केले. टोरोंटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन झालेले मुखत्यारपत्र कुरिअरने आले तेव्हा वकीलबाईंनी मला आधी पाकीट जपून ठेवायला सांगितले. परदेशात केलेल्या दस्तावर तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागावा लागतो, आणि पोहोचल्याची तारीख पाकिटावर असते. ते पाकीट अजून फाइलमध्ये टाचलेले आहे.

नोंदणी ४ जुलै २०२४ रोजी झाली. मुद्रांक शुल्काबाबत त्यांचा सल्ला आम्हाला सरळ ७८ हजार वाचवून गेला: पुण्यात उपकरांसह ७ टक्के शुल्क आहे, केवळ महिलेच्या नावावर खरेदी असेल तर ६ टक्के, आणि नवरा-बायको दोघांची नावे घातली की सवलत जाते. बँकेला नवरा सहकर्जदार म्हणून चालत होता, म्हणून खरेदीखत माझ्या एकटीच्या नावाने झाले. ४ लाख ६८ हजार मुद्रांक आणि नोंदणी फी ३० हजार. कार्यालयात अकराला टोकन मिळाले, सर्व्हर संथ होता, आणि आमचा नंबर चारला लागला. काकूंचा अंगठा यंत्र घेईना. चार वेळा झाले, पाचव्यांदाही नाही. मग वकिलांच्या कारकुनांनी, ज्यांच्या "होतंय, ताई"ला मी दहा महिने वैतागले होते, काकूंना सांगितले, "आजी, अंगठा कपाळावरून फिरवा एकदा आणि मग ठेवा." कपाळाच्या तेलकटपणाने ठसा उमटला. त्याच माणसाने त्या दिवशी आमच्यासाठी दोन साक्षीदार वेळेवर हजर ठेवले, पानागणिक २० रुपयांची हाताळणी फी आधीच भरून ठेवली, आणि काकूंना बसायला खुर्ची मिळवून दिली.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. कायद्याच्या ज्ञानाला आणि संयमाला मी पूर्ण गुण देईन. कळवण्याच्या बाबतीत एक, आणि मसुद्याच्या काळजीला दोन. वारसाहक्काने आलेला, जुन्या कागदांचा फ्लॅट घेणाऱ्याने याच प्रकारच्या कार्यालयात जावे असे माझे मत आहे, मात्र विक्रेत्यांत कोणी परदेशी राहणारे असेल तर पहिल्याच आठवड्यात वेगळा चार्टर्ड अकाउंटंट गाठावा, भाड्याच्या घराचा करार वर्षभराने वाढवून घ्यावा, आणि दर सोमवारी वकिलांना तीन ओळींचा लेखी प्रश्न पाठवावा. फोनला उत्तर मिळत नाही, लेखी प्रश्नाला मिळते, हे मला सातव्या महिन्यात कळले. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्याला इतक्या खोल शोधाची गरज पडेलच असे नाही, आणि त्यासाठी हे कार्यालय मला महाग वाटेल.

नोंदणीनंतर आठ दिवसांनी इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मूळ करार, हक्कसोडपत्र आणि शोध अहवाल एका खाकी फाइलमध्ये, अनुक्रमणिकेसह मिळाले. वीजमीटर आणि मिळकतकर माझ्या नावावर करून देणार का, असे मी कारकुनांना विचारले, तर ते म्हणाले, "ते आपल्या फीमध्ये नाही, ताई," आणि मग एका चिठ्ठीवर लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली. अर्ज मी अजून केलेला नाही. जुलैचे वीजबिल २०११ मध्ये वारलेल्या गृहस्थांच्याच नावाने आले आहे.